२,१४,७४,८३,६४७ : एक मूळ संख्या आणि एक मर्यादा

मालिकेच्या या भागात आपण एकच संख्या घेणार आहोत. आधी ती नीट वाचून घेऊ.

२,१४,७४,८३,६४७.

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. इंदूर, ग्वाल्हेर, रायपूरकडच्या ज्या मंडळींचे शिक्षण हिंदीत झाले त्यांनी 'अब्ज'च्या जागी 'अरब' म्हणावे, संख्या तीच.

ही संख्या किती मोठी आहे? समजा, तुम्ही एक, दोन, तीन असे सेकंदाला एक या गतीने मोजायला बसलात. जेवण नाही, झोप नाही. तरी शेवटपर्यंत पोचायला अडुसष्ट वर्षे आणि वर अठरा दिवस लागतील. हा 'अडुसष्ट वर्षे अठरा दिवस' हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

तुमच्यापैकी अनेकांना ही संख्या ओळखीची वाटली असेल. डिसेंबर २०१४ मध्ये ती बातम्यांत होती. दक्षिण कोरियाच्या साय या गायकाचे 'गंगनम स्टाइल' हे गाणे यूट्यूबवर इतक्या वेळा पाहिले गेले, की व्हिडिओखालच्या प्रेक्षकसंख्येच्या जुन्या काउंटरची याच संख्येची मर्यादा ओलांडली गेली. त्याहून मोठी संख्या मांडायची सोय त्या काउंटरमध्ये नव्हती. कंपनीने काउंटर आधीच मोठा करून घेतला होता आणि गाणे पुढे चालू राहिले.

बातमी तिथे संपली. पण मला तिच्यातला एक प्रश्न फार आवडतो. मर्यादा नेमकी याच संख्येपाशी का होती? दोन अब्जांवर का नाही, तीन अब्जांवर का नाही? आणि गणितात हीच संख्या अडीचशे वर्षांपूर्वीपासून प्रसिद्ध आहे, ती पूर्णपणे वेगळ्या कारणासाठी. ही दोन कारणे आज वेगवेगळी करून बघू. कारण एक गुण त्या संख्येचा स्वतःचा आहे आणि दुसरा आपण तिला चिकटवला आहे. या दोन्हींत गल्लत झाली की नुकसान आपलेच होते.

एकतीस एकक

१ घ्या आणि दुप्पट करत चला. २, ४, ८, १६, ३२... एकतिसाव्या दुपटीला तुम्ही २,१४,७४,८३,६४८ वर पोचता. यालाच आपण २ चा ३१ वा घात म्हणतो. त्यातून १ वजा केला की आपली संख्या.

संगणक संख्या कशी लिहितो हे आपण याआधी पाहिले आहे. त्याच्याकडे दोनच अंक, ० आणि १. एक दिवा बंद किंवा चालू, तसे. त्या पद्धतीत आपली संख्या लिहिली तर ती म्हणजे ओळीने एकतीस वेळा १. एकतीस दिवे, सगळे लागलेले. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत ९९,९९९ जसे दिसते, पाच अंकांच्या खिडकीत मावणारी सर्वांत मोठी संख्या, तशीच ही एकतीस दिव्यांच्या ओळीत मावणारी सर्वांत मोठी संख्या.

म्हणजे मर्यादेचे कारण इथेच कळले. संगणकात संख्या ठेवायला बरीच वर्षे ३२ बिटांचा, म्हणजे ३२ दिव्यांचा कप्पा वापरला जाई. त्यातला एक दिवा अधिक-उणे हे चिन्ह दाखवायला गेला. उरले एकतीस. ते सगळे लागले की कप्पा भरला.

यात संख्येचा काही पराक्रम नाही. कप्पा ३२ दिव्यांचा घ्यायचा हे माणसांनी ठरवले. आता दुसऱ्या कारणाकडे जाऊ. ते कोणी ठरवलेले नाही.

मूळ संख्या

आपली संख्या मूळ संख्या आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत 'मूळ संख्या' म्हणतात, हिंदीत 'अभाज्य', बडोदा-सुरतेच्या मंडळींनी शाळेत 'अविभाज्य' ऐकले असेल. अर्थ एकच : १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. ७ मूळ आहे, १३ मूळ आहे. १५ नाही, कारण ३ आणि ५ यांनी भाग जातो.

७ मूळ आहे हे कोणीही सांगेल. पण दहा अंकी संख्या मूळ आहे हे कशावरून म्हणायचे?

अशा 'सगळे १' असलेल्या संख्यांबद्दल एक गोष्ट चटकन दिसते. दशमान पद्धतीतच बघा. १११११११ नको, सहा एकांची १,११,१११ घ्या. ती म्हणजे १११ गुणिले १००१. तीन एकांचे दोन गट शेजारी मांडले, एवढेच. दोनाच्या पद्धतीतही हेच होते. सहा एक म्हणजे ६३, तीन एक म्हणजे ७, आणि ६३ ला ७ ने भाग जातो. म्हणजे एकांची संख्या ज्या गटांत सारखी वाटता येते, त्या गटाने मूळ संख्येचे तुकडे पडतात. तेव्हा संख्या मूळ असायची तर आधी एकांची मोजणीच मूळ असली पाहिजे. ३१ मूळ आहे, म्हणजे पहिली पायरी पार झाली.

पण तेवढे पुरत नाही. ११ मूळ आहे, तरी अकरा एकांची संख्या २,०४७ ही मूळ नाही. ती २३ गुणिले ८९ आहे. ही फसगत फार जुनी आहे.

इटलीचे गणितज्ञ पिएत्रो कॅटाल्डी यांनी १६०३ साली छापलेल्या पुस्तकात १७ आणि १९ एकांच्या संख्या मूळ असल्याचे तपासून दाखवले. ते काम बरोबर होते. त्यापुढे त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या चारही ठिकाणी मूळ संख्या मिळते असे सांगितले. यांतले २३ चुकले, त्या संख्येला ४७ ने भाग जातो. २९ चुकले, तिथे २३३ ने भाग जातो. ३७ चुकले, तिथे २२३ ने. चारांतले फक्त ३१ बरोबर निघाले.

पुढे १६४४ साली फ्रान्सचे मेर्सेन यांनी अशीच एक मोठी यादी दिली. आज या संख्यांना त्यांचेच नाव आहे. त्या यादीतही ३१ होते आणि बरोबर होते. पण ६७ आणि २५७ ही त्यात होती, ती चुकीची. ६१, ८९ आणि १०७ असायला हवी होती, ती नव्हती.

माझ्या वर्गातली मुले इथे विचारतात, "सर, मग कॅटाल्डींना ३१ चे श्रेय द्यायचे की नाही?" मी विचारतो, तुम्ही द्याल का? चार दावे, त्यांतला एक खरा. तो खरा आहे हे आज आपल्याला माहीत आहे. पण १६०३ साली ते पुस्तक हातात घेतलेल्या माणसाकडे खरा कुठला आणि खोटा कुठला हे ओळखायची काय सोय होती? काहीच नव्हती. म्हणून गणितात उत्तर बरोबर असणे आणि ते सिद्ध होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी मानतात.

ऑयलर यांनी काम कसे आटोक्यात आणले

ही सिद्धता आली १७७२ साली. लिओनार्ड ऑयलर तेव्हा रशियात सेंट पीटर्सबर्गला होते, वय पासष्टच्या आसपास, दृष्टी जवळजवळ गेलेली. बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही संख्या मूळ असल्याचे कळवले.

सरळ मार्गाने गेलो तर काम किती? संख्येचे वर्गमूळ ४६,३४० आणि थोडे. संख्येचे दोन तुकडे पडायचे तर त्यांतला लहान तुकडा वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. म्हणून ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. अशा मूळ संख्या जवळपास ४,८०० आहेत. हाताने ४,८०० भागाकार, आणि तेही दहा अंकी संख्येचे. कोणीही हात टेकेल.

ऑयलर यांनी आधी वेगळाच प्रश्न विचारला. भाग जाणारी संख्या असलीच, तर ती दिसायला कशी असेल?

हा विचार आपण सावकाश करू, अवघड नाही. एक छोटे उदाहरण घ्या. १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटींना ७ ने भागा आणि फक्त बाकी लिहा. १, २, ४, मग पुन्हा १, २, ४, पुन्हा १, २, ४. तीन-तीनचे चक्र. आणि ७ वजा १ म्हणजे ६ ला ३ ने भाग जातो. हा योगायोग नाही. फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी १६४० साली सांगितलेल्या नियमाप्रमाणे कुठलीही विषम मूळ संख्या घेतली तरी तिच्याहून एकने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी पुन्हा १ येतेच. म्हणून चक्राची लांबी त्या 'एकने कमी'ला निःशेष भागते.

आता समजा, 'क' नावाची एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला 'क'ने भागले तर बाकी १. चक्र ३१ पायऱ्यांनी परत सुरुवातीला आले. ते त्याआधी परत येऊ शकते का? आले तर त्या छोट्या चक्राच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. पण ३१ मूळ आहे, तिला फक्त १ ने भाग जातो, आणि एका पायरीचे चक्र शक्य नाही. म्हणजे चक्र बरोबर ३१ चे. म्हणून 'क वजा १' ला ३१ ने भाग गेला पाहिजे. 'क' विषम आहे, म्हणून 'क वजा १' सम आहे. म्हणजे ६२ ने भाग गेला पाहिजे.

झाले. आता ३, ५, ७, ११, १३ यांच्याकडे बघायचेच नाही. ६२ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्याच तेवढ्या संशयित. मघाचे चुकलेले दावे याच नियमाने पडताळा : २३ च्या ठिकाणी ४७, म्हणजे ४६ अधिक १. २९ च्या ठिकाणी २३३, म्हणजे २९ च्या आठ पटी अधिक १. ३७ च्या ठिकाणी २२३, म्हणजे ३७ च्या सहा पटी अधिक १. नियम तिन्ही ठिकाणी लागू पडतो.

ऑयलर यांनी आणखी एक चाळणी लावली. 'क'ने भागल्यावर २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, तर ३२ व्या घाताची बाकी २. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे 'क'च्या दुनियेत २ ही एका वर्गाची बाकी आहे. हे फक्त अशाच मूळ संख्यांसाठी घडते ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ राहते. दोन्ही अटी एकत्र केल्या की 'क'ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यांपैकीच एक असली पाहिजे.

४६,३४० पर्यंत अशा संख्या आहेत सुमारे ३७०. त्यांतल्या ज्या स्वतःच मूळ नाहीत त्या गाळल्या तर उरतात ऐंशीच्या आसपास. ४,८०० भागाकारांचे काम ऐंशीच्या घरात आले. हे चिकाटीने करता येण्यासारखे आहे.

यादीतली पहिली खरी संशयित ३११. मी स्वतः कागदावर भागून पाहिले : ३११ गुणिले ६९,०५,०९२ म्हणजे २,१४,७४,८३,६१२. बाकी ३५. भाग गेला नाही. त्यानंतर १,३०३. तिथेही नाही. असे करत शेवटपर्यंत गेले तरी एकानेही भाग जात नाही. म्हणून ही संख्या मूळ आहे. इथे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा प्रश्नच उरला नाही. ज्याला शंका असेल त्याने ऐंशी भागाकार करावेत.

फर्मा यांचे नाव आले म्हणून एक शेजारची गोष्ट सांगतो. आपल्या संख्येची दुप्पट करा आणि ३ मिळवा. येते ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ही संख्या मूळ असावी असा फर्मा यांचा ठाम समज होता. इतका मोठा माणूस. पण १७३२ साली ऑयलर यांनीच दाखवले की ती ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे. एका ठिकाणी मोठ्या माणसाचा समज खोटा ठरला, दुसऱ्या ठिकाणी जुना अंदाज खरा ठरला. दोन्हींचा निकाल एकाच कसोटीने लागला.

"याचा उपयोग काय?"

हा प्रश्न मला प्रत्येक भागानंतर कोणीतरी विचारतेच. या संख्येबाबत तो दोनशे वर्षांपूर्वीही विचारला गेला आहे.

परिपूर्ण संख्या तुम्हाला आठवत असतील. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. तसेच २८ चे. युक्लिडने दाखवले होते की 'सगळे एक' प्रकारची मूळ संख्या मिळाली की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार होते : ३ गुणिले २ म्हणजे ६, ७ गुणिले ४ म्हणजे २८, ३१ गुणिले १६ म्हणजे ४९६. आपली संख्या या प्रकारची आठवी. तिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या मिळते : २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८.

१८११ साली इंग्लंडचे पीटर बार्लो यांनी या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिले, की हिच्याहून मोठी बहुधा कधीच कोणी शोधणार नाही. कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा एवढे कष्ट घेईल कोण?

दोन्ही बाबतींत तसे घडले नाही. मोठ्या संख्या सापडत गेल्या. १८७६ साली लुकास यांनी १२७ एकांची, ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. २०२४ साली सापडलेल्या संख्येत १३,६२,७९,८४१ एक आहेत, आणि ती दशमान पद्धतीत लिहायची तर चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक लागतात.

आणि उपयोग? तो ज्या ठिकाणी झाला त्याची बार्लो यांना कल्पना असणे शक्यच नव्हते. संगणकाला फासे टाकता येत नाहीत. सांगितलेलेच काम तो करतो. मग खेळासाठी, नमुना-पाहणीसाठी, हवामानाच्या गणितासाठी 'यादृच्छिक', म्हणजे कुठलीही कशीही येणारी, संख्या आणायची कुठून? एक जुनी आणि गाजलेली कृती अशी : हातातल्या संख्येला १६,८०७ ने गुणा, आणि आपल्या २,१४,७४,८३,६४७ ने भागून बाकी घ्या. पुन्हा तेच. १ पासून सुरुवात केली तर येतात १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. दिसायला काही क्रम नाही. पार्क आणि मिलर यांनी १९८८ साली हीच कृती किमान दर्जा म्हणून सुचवली होती. आज गुपिते राखण्यासाठी ती चालत नाही, त्यासाठी फार कडक पद्धती आहेत. पण तिच्यात एक गोष्ट पक्की आहे : १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय एकही संख्या दुसऱ्यांदा येत नाही. १६,८०७ ची निवड विचारपूर्वक केली म्हणून, आणि आपली संख्या मूळ आहे म्हणून हे घडते. मूळ नसती, तर एवढे लांब, एकही संख्या न गाळणारे चक्र मिळालेच नसते.

मर्यादा कोणाची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. संगणकाची मर्यादा नेमकी मूळ संख्या निघाली, याचा काही संबंध आहे का?

नाही. शुद्ध योगायोग. पडताळून पाहू. ८ बिटांच्या कप्प्याची मर्यादा १२७, ती मूळ आहे. १६ बिटांची ३२,७६७. ती ७ गुणिले ३१ गुणिले १५१, म्हणजे मूळ नाही. ३२ बिटांची आपली, मूळ आहे. ६४ बिटांची ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. तिच्यात त्रेसष्ट एक आहेत, आणि त्रेसष्टाचे तीन-तीनचे गट पडतात, म्हणून तिला ७ ने भाग जातो. मूळ नाही. काउंटर मूळ संख्येवर थांबला काय आणि इतर संख्येवर थांबला काय, यंत्राला फरक नाही. त्याचे दिवे संपले, एवढेच.

मूळ असणे हा संख्येचा गुण. तो १६०३ साली होता, उद्याही राहील, कुठल्याही लिपीत लिहा, राहील. मर्यादा असणे हा आपला निर्णय. जागा वाचावी म्हणून कोणीतरी घेतलेला, त्या वेळी शहाणपणाचाच. पण असा निर्णय बदलता येतो, आणि वेळेत बदलावा लागतो.

मर्यादा ओलांडली की काय होते? गाडीचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो. इथे त्याहून विचित्र घडते. एकतीस दिवे लागलेले असताना आणखी एक मिळवला तर ते सगळे विझतात आणि बत्तिसावा, चिन्हाचा दिवा लागतो. बहुतेक यंत्रे तो आकडा उणे २,१४,७४,८३,६४८ असा वाचतात. मोठ्यात मोठ्या संख्येवरून एका पावलात तळाला.

२०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत एक आदेश काढला. वीज जनित्रांवर नियंत्रण ठेवणारे यंत्र सलग २४८ दिवस चालू राहिले, तर त्याच्या सॉफ्टवेअरमधला काउंटर भरून वाहतो आणि जनित्र बंद पडू शकते, म्हणून त्याआधी वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करा, असा तो होता. सेकंदाचे शंभर भाग करून मोजत गेलात तर आपली संख्या किती दिवसांत गाठाल? साडेदोनशेला थोडे कमी, २४८ दिवस आणि काही तास. (मघाशी ऑयलर यांच्या चाळणीतही २४८ आले होते. हा मात्र निव्वळ योगायोग, त्यात काही शोधू नका.)

१९ जानेवारी २०३८

आता तो अडुसष्ट वर्षे अठरा दिवसांचा हिशेब.

संगणकांच्या एका मोठ्या कुळात वेळ अशी मोजतात : १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे, किती सेकंद झाले. तेवढा एक आकडा ठेवायचा आणि त्यावरून तारीख काढायची. हा आकडा पुष्कळ वर्षे ३२ बिटांच्या कप्प्यात ठेवला गेला. १९७० मध्ये अडुसष्ट वर्षे आणि अठरा दिवस मिळवा. येते १९ जानेवारी २०३८. मंगळवार. आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. त्याच्या पुढच्या सेकंदाला, ज्या यंत्रात जुना कप्पा तसाच राहिला असेल, ते यंत्र तारीख समजेल १३ डिसेंबर १९०१.

घाबरायचे कारण नाही, पण दुर्लक्षही नको. कप्पा ६४ बिटांचा केला की पुढची सुमारे २९२ अब्ज वर्षे काळजी मिटते, आणि हे काम बरेचसे झालेले आहे. तुमचा अलीकडचा फोन, लॅपटॉप ६४ बिटांचा आहे. लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही २०२० च्या ५.६ आवृत्तीपर्यंत ही सोय आली.

अडचण आहे ती एकदा बसवून विसरून गेलेल्या वस्तूंची. कारखान्यातले नियंत्रक, मोजमापाची यंत्रे, इमारतींतल्या यंत्रणा, जुन्या डेटाबेसमधले चार बाइटांचे रकाने. ही यंत्रे पंधरा-वीस वर्षे चालतात, आज बसवलेली २०३८ मध्येही चालू असतील. आणि अडचण त्या सकाळपर्यंत वाट पाहील असेही नाही. वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता, पेन्शनची तारीख, दीर्घ मुदतीचे करार, असा पुढच्या तारखांचा हिशेब जिथे होतो, तिथे ती आजही गाठू शकते.

म्हणून तुमच्यापैकी जे कुणी अशा यंत्रणा सांभाळतात, पुण्यात असोत की बेंगळुरूला की हैदराबादला, त्यांनी पुरवठादाराला दोन प्रश्न विचारावेत. एक, या यंत्रात वेळ किती बिटांत ठेवली आहे? दोन, घड्याळ २०३८ च्या पुढे नेऊन ते तपासले आहे का? "काही होणार नाही हो" हे उत्तर स्वीकारू नका. कॅटाल्डींचेही तसेच म्हणणे होते, आणि चारांतले तीन दावे चुकले. तपासले असेल तर कसे तपासले ते दाखवा म्हणावे. आणि स्वतः तपासणार असाल तर चालू यंत्रावर नको, वेगळ्या चाचणीच्या यंत्रावर करा.

माझ्या वर्गात आज बसणारी अठरा-वीस वर्षांची मुले २०३८ मध्ये तिशीत असतील. त्या मंगळवारी सकाळी कामावर तीच असतील. त्यांना मी एवढेच सांगतो : जे संख्येचे आहे ते सिद्ध करून घ्या, जे आपण ठरवले आहे ते वेळ आहे तोवर बदला.

आता गृहपाठ. तेवीस एकांची संख्या आहे ८३,८८,६०७. ऑयलर यांचा नियम वापरून तिचा सर्वांत लहान विभाजक शोधा. ४६ च्या पटीत एक मिळवत जायचे; पहिल्याच प्रयत्नाला हाती लागेल. मग एकोणतीस एकांची घ्या, ५३,६८,७०,९११. तिथे ५८ च्या पटीत एक. थोडी जास्त मेहनत आहे, पण विभाजक याच भागात कुठेतरी सांगून झाला आहे. घरात मुले असतील तर त्यांनाही सोबत बसवा, कॅल्क्युलेटर मात्र शेवटी पडताळ्यापुरताच.

पुढच्या भागात भेटू.